करी रोडच्या टॉवरमधलं परदेशी ऑफिस : दारावर पाटी आहे, पण पैसे घ्यायची परवानगी नाही

करी रोड (मुंबई) : परदेशी कंपनीचं मुंबईत ऑफिस आहे, एवढं ऐकलं की गावाकडे अर्धा विश्वास तिथेच बसतो. पोराला इंटरव्ह्यूला बोलावलं, द्राक्षाच्या ऑर्डरची बोलणी सुरू झाली, कुणी डीलरशिप देतो म्हणालं, की घरात पहिला प्रश्न हाच असतो : ऑफिस कुठंय? उत्तरात करी रोड, लोअर परळ असं काही आलं आणि गुगल मॅपवर चाळीस मजली काचेचा टॉवर दिसला, की पुढची विचारपूस तिथेच थांबते.

खरं तर ती तिथून सुरू व्हायला हवी. आपल्या कायद्यात परदेशी कंपनीच्या ऑफिसचा एक असा प्रकार आहे, ज्याला इथे काही विकता येत नाही, बिल फाडता येत नाही, कमिशन घेता येत नाही आणि गिऱ्हाइकाकडून एक रुपयाही खात्यात जमा करून घेता येत नाही. त्याला लायझन ऑफिस म्हणतात, मराठीत संपर्क कार्यालय. पाटी खरी, एसी खरा, आत बसलेली माणसंही खरी. फक्त धंद्याचा अधिकार त्या ऑफिसकडे नसतो.

हा विषय आत्ता निघायचं कारण म्हणजे रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२५ मध्ये अशा कार्यालयांच्या नियमांचा नवा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी खुला केला. परदेशी कंपन्यांना इथे ऑफिस उघडणं सोपं करायचं, अटी कमी करायच्या, बँकांच्या हातात जास्त अधिकार द्यायचे, असा त्याचा रोख आहे. गुंतवणुकीच्या दृष्टीने ते बरंच आहे. पण ऑफिस उघडणं जितकं सोपं होईल, तितकी समोरच्या माणसाने करायची चौकशी वाढणार. इथे पुढे दिलेले आकडे आणि अटी २०१६ च्या नियमांतल्या आहेत.

गिरणीच्या जागी काच

करी रोड हे मध्य रेल्वेवरचं चिंचपोकळी आणि परळच्या मधलं स्टेशन. त्याचं नाव बदलून लालबाग करावं, असा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये घेतला होता. कोकणातल्या, साताऱ्या-कोल्हापूरच्या किती तरी घरांतला एखादा आजोबा या भागातल्या गिरणीत होता. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यानंतर तो भोंगा पूर्वीसारखा वाजलाच नाही. पुढे गिरण्यांच्या जमिनी विकायला, बांधायला मोकळ्या झाल्या. ना. म. जोशी मार्गावर मफतलाल मिलच्या आवारात मॅरेथॉन फ्युचरेक्स उभा राहिला, अपोलो मिलच्या जागी लोढांचं ऑफिस संकुल आलं. जिथे साचे चालायचे, तिथे आता देशी-विदेशी कंपन्यांची कार्यालयं आहेत.

गर्दी किती वाढली, ते पुलांवरून कळतं. २९ सप्टेंबर २०१७ ला शेजारच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचा जीव गेला. त्यानंतर एल्फिन्स्टन, आंबिवली आणि करी रोड या तीन ठिकाणी पादचारी पूल बांधायला चक्क लष्कराला बोलावलं गेलं. फेब्रुवारी २०१८ मध्ये ते खुले झाले. गावाहून इंटरव्ह्यूला येणारा पोरगा गावकीच्या खोलीवर किंवा पाहुण्यांकडे उतरतो आणि सकाळी अशाच एखाद्या पुलावरून त्या टॉवरकडे चालत जातो.

चारच कामं

परदेशी कंपनी भारतात तीन-चार तऱ्हेने पाय ठेवू शकते. इथे स्वतःची कंपनी काढली, तर ती भारतीय कंपनी होते. नावाच्या शेवटी बहुतेक वेळा 'इंडिया प्रायव्हेट लिमिटेड' लागतं आणि तिला खरेदी-विक्री सगळं करता येतं. शाखा उघडली, तर ठरवून दिलेल्या मर्यादेत धंदा करता येतो. एखादं धरण, मेट्रो, कारखाना असं ठरावीक काम मिळालं, तर तेवढ्यापुरतं प्रकल्प कार्यालय. आणि धंदा न करता नुसती ओळखपाळख ठेवायची असेल, तर लायझन ऑफिस.

लायझन ऑफिसला चार कामांची मुभा आहे. आपल्या मूळ कंपनीचं किंवा तिच्या समूहाचं इथे प्रतिनिधित्व करणं. भारतातून निर्यात आणि भारतात आयात वाढावी म्हणून खटपट करणं. इथल्या कंपन्यांशी तांत्रिक किंवा आर्थिक सहकार्य जुळवून देणं. आणि दोन्हीकडचे निरोप इकडून तिकडे पोचवणं. गावच्या भाषेत सांगायचं, तर सोयरीक जुळवायची, पण मांडवात बसायचं नाही.

खर्च कुठून करायचा? सगळा मुख्यालयाकडून. भाडं, पगार, चहापाणी, प्रवास, या सगळ्यासाठी परदेशातून बँकेमार्फत पैसे यायला हवेत. ऑफिसच्या खात्यात काय जमा होऊ शकतं, हेही ठरलेलं आहे : मुख्यालयाने पाठवलेले पैसे, ऑफिसने स्वतः कुठे अनामत भरली असेल तर तिचा परतावा, कराचा परतावा, आणि ऑफिसचं जुनं सामान विकून आलेली रक्कम. एवढंच. ऑफिसची जागाही विकत घेता येत नाही. भाडेकराराने घ्यायची आणि तीही पाच वर्षांपर्यंतच.

परवानगीचा अर्ज परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या अधिकृत बँकेमार्फत जातो आणि रिझर्व्ह बँक त्या ऑफिसला एक ओळख क्रमांक देते. कंपनी आपल्या देशात लागोपाठ तीन वर्षं नफ्यात असावी आणि तिची निव्वळ मालमत्ता निदान ५०,००० डॉलर असावी, ही अट. म्हणजे आजच्या दराने चाळीस-पंचेचाळीस लाख रुपयांच्या घरात. ही काही फार मोठी रक्कम नव्हे. तालुक्याच्या बाजारपेठेतल्या एखाद्या मोठ्या कृषी सेवा केंद्राची ऐपत याहून जास्त असू शकते. तेव्हा 'परदेशी कंपनी' म्हणजे अब्जावधींचा कारभार, हे डोक्यातून काढलेलं बरं. परवानगी साधारण तीन वर्षांची असते, मग बँकेकडून वाढवून घ्यावी लागते. दरवर्षी चार्टर्ड अकाउंटंटने लिहून द्यायचं, की या ऑफिसने परवानगी दिलेलीच कामं केली. ३१ मार्चला वर्ष संपलं, की ३० सप्टेंबरपर्यंत तो दाखला बँकेत गेला पाहिजे.

दुसऱ्या देशांतही अशी कार्यालयं असतात. व्हिएतनाममध्ये त्यांचा परवाना पाच वर्षांचा असतो. चीनमध्ये अशा ऑफिसला चारपेक्षा जास्त प्रतिनिधी नेमता येत नाहीत आणि स्थानिक माणसं थेट नोकरीवर घेता येत नाहीत, ती मनुष्यबळ पुरवणाऱ्या संस्थेमार्फत घ्यावी लागतात. आपल्याकडे ऑफिस थेट नेमणूक करतं, ही त्यातल्या त्यात चांगली गोष्ट.

आखातातून येणारा चेक

ही लक्ष्मणरेषा किती बारीक आहे, हे एका खटल्यातून नीट कळतं, आणि तो खटला आखातात माणूस असलेल्या प्रत्येक घराच्या जवळचा आहे.

यूएई एक्स्चेंज सेंटर नावाची कंपनी तिकडच्या भारतीयांचे पैसे घरी पाठवायची. तिला रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर १९९६ मध्ये लायझन ऑफिस उघडायची परवानगी दिली. पहिलं ऑफिस जानेवारी १९९७ मध्ये कोचीनला, मग चेन्नई, दिल्ली, मुंबई आणि जालंधर. माणूस तिकडे दिरहम भरायचा, फीसुद्धा तिकडेच द्यायचा. काही पैसे थेट इथल्या खात्यात यायचे. पण चेक किंवा ड्राफ्ट हवा असेल, तर इथलं ऑफिस कॉम्प्युटरवर आलेली माहिती उतरवून घ्यायचं, चेक छापायचं आणि कुरियरने घरी पाठवायचं.

आयकर खात्याचं म्हणणं होतं, की हा नुसता निरोप नव्हे, धंद्याचाच भाग आहे, तेव्हा इथल्या कामाच्या वाट्याच्या नफ्यावर कर द्या. २००४ मध्ये आगाऊ निवाडा देणाऱ्या प्राधिकरणाने खात्याची बाजू घेतली. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उलटवलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २४ एप्रिल २०२० ला निकाल लागला : करार तिकडे झाला, फी तिकडे घेतली, इथे झालं ते फक्त पूरक काम, म्हणून इथे कर लागत नाही.

कंपनीच्या बाजूने लागलेल्या या निकालात गावाकडच्या माणसासाठीही एक गोष्ट दडलेली आहे. ज्या कारणाने ऑफिसला कर लागत नाही, त्याच कारणाने त्याच्यावर जबाबदारीही येत नाही. करार तिकडचा, पैसा तिकडचा, म्हणजे भांडणही तिकडचंच. निकालाच्या महिनाभर आधी, मार्च २०२० मध्ये, मूळ समूह आर्थिक अडचणीत आल्यावर यूएईच्या केंद्रीय बँकेने या एक्स्चेंजचा कारभार आपल्या देखरेखीखाली घेतला होता. मुख्यालय डळमळलं, तर लायझन ऑफिसकडे स्वतःचं असं काही नसतं. ना कमाई, ना इमारत.

दुसरा खटला खास मुंबईचा. १९९० च्या दशकात तीन परदेशी वकिली कंपन्यांना लायझन ऑफिसची परवानगी मिळाली होती. लॉयर्स कलेक्टिव्ह या संस्थेने मुंबई उच्च न्यायालयात आक्षेप घेतला. १६ डिसेंबर २००९ ला न्यायालयाने सांगितलं, की ही परवानगी द्यायलाच नको होती. कोर्टात उभं न राहता नुसता सल्ला देणं आणि कागद तयार करणं ही वकिलीच आहे आणि त्यासाठी इथली सनद लागते. म्हणजे लायझनच्या पाटीआड धंदा चालतोय का, ही शंका न्यायालयानेही मोठमोठ्या नावांबाबत तपासली आहे.

माल पाहून जाणारा साहेब

शेतमालाच्या निर्यातीत असं ऑफिस अनेकदा उपयोगी पडतं. परदेशी खरेदीदाराचा माणूस पॅकहाउसला येतो, माल पाहतो, मण्याचा आकार मोजतो, औषधांच्या अंशाचा अहवाल मागतो, फोटो काढून तिकडे पाठवतो. आपल्याला वाटतं, यानेच माल घेतला. घेतलेला नसतो. ऑर्डर मुख्यालयाची, बिल मुख्यालयाच्या नावाने, पैसे मुख्यालयाकडून.

बहुतेक शेतकरी माल इथल्या निर्यातदाराला देतात, त्यामुळे त्यांचा व्यवहार त्या निर्यातदाराशी असतो आणि हा धोका आधी त्याच्या अंगावर येतो. पण आता शेतकरी उत्पादक कंपन्या स्वतः कंटेनर भरू लागल्या आहेत. त्यांनी हे नीट समजून घ्यायला हवं. २०१० च्या हंगामात युरोपात गेलेली भारतीय द्राक्षं क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशावरून अडकली, तेव्हा द्राक्षपट्ट्याला काय सोसावं लागलं ते नाशिककरांच्या लक्षात आहे. उद्या असंच काही झालं, तर मुंबईतल्या लायझन ऑफिसचा साहेब फार तर ई-मेल पुढे पाठवील. 'पैसे आम्ही देतो' असं तो तोंडी म्हणाला, तरी ते देण्याचा अधिकार त्याच्याकडे नाही.

म्हणून ऑर्डरच्या कागदावर तीन गोष्टी आधी पाहायच्या : सही कोणत्या कंपनीच्या वतीने आहे, पैसे किती दिवसांत आणि कशाच्या आधारावर मिळणार, आणि वाद झाला तर न्याय कुठल्या देशात मागायचा. परदेशी बँकेचं लेटर ऑफ क्रेडिट असेल, तर कागदपत्रं अटींप्रमाणे दिली की पैशाची जबाबदारी बँकेवर येते. नसेल, तर ईसीजीसीचा विमा आहे. केंद्र सरकारची ही कंपनी १९५७ पासून निर्यातदारांना, परदेशी गिऱ्हाइकाने पैसे बुडवले तर संरक्षण देते. खर्च होतो हे खरं, पण एका कंटेनरमध्ये किती सभासदांची वर्षाची कमाई असते, त्याचा हिशेब मांडला तर तो खर्च जड वाटत नाही.

नोकरी खरी, पण कुणाची?

लायझन ऑफिसमधली नोकरी खोटी नसते. मर्चंडायझर, गुणवत्ता तपासनीस, समन्वयक, हिशेबनीस अशी कामं असतात. पगार रुपयांत येतो, टीडीएस कापला जातो, माणसं वीस किंवा जास्त असली की पीएफ लागू होतो. आयटीआय किंवा बी.एस्सी. ॲग्री केलेल्या पोराला चांगला अनुभवही मिळतो. मात्र परवानगीच मुदतीची असल्याने आणि सगळे निर्णय तिकडे होत असल्याने, ऑफिस मोठं होणार की बंद, हे इथल्या मॅनेजरलाही आधी कळेल असं नाही. नेमणूकपत्र कुणाच्या नावाने आहे, कंपनीच्या की मधल्या मनुष्यबळ एजन्सीच्या, हे पहिल्याच दिवशी वाचावं.

खरा घोळ होतो तो नोकरी देतो म्हणून पैसे मागणाऱ्यांचा. ट्रेनिंग फी, लॅपटॉपची अनामत, व्हेरिफिकेशन चार्ज, डीलरशिपचं डिपॉझिट, नाव काहीही द्या. समोरचा 'परदेशी कंपनीचं लायझन ऑफिस' म्हणत असेल आणि पैसे मागत असेल, तर दोन्हीपैकी एक गोष्ट नक्की खोटी आहे. अशा ऑफिसच्या खात्यात हे पैसे जमाच होऊ शकत नाहीत. म्हणून तर मग कुणाच्या तरी वैयक्तिक खात्याचा नंबर किंवा यूपीआय आयडी पाठवला जातो. ऑफिस शाखा असो की भारतीय कंपनी, नोकरीसाठी आधी पैसे मागितले की उठून यायचं.

पत्त्यावर तर अजिबात जाऊ नये. टॉवरमधला पत्ता महिन्याच्या भाड्याने मिळतो. टेबलसुद्धा नसतं, फक्त टपाल घ्यायला रिसेप्शन असतं. हा उद्योग कायदेशीर आहे आणि अनेक चांगले छोटे धंदे तो वापरतात, पण त्यातून मागे कंपनी आहे की नाही हे सिद्ध होत नाही.

चौकशी मोबाईलवरून होते. परदेशी कंपनीने ऑफिस उघडल्यापासून ३० दिवसांत कंपनी निबंधकाकडे नोंद करायची असते. केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तिचं नाव शोधता येतं. परदेशी कंपनीचा नोंदणी क्रमांक इंग्रजी एफ अक्षराने सुरू होतो, इथे नोंदलेल्या भारतीय कंपनीचा यू किंवा एलने. एफ दिसला, की पुढचा प्रश्न विचारायचा : शाखा आहे की लायझन? रिझर्व्ह बँकेचा ओळख क्रमांक काय? खातं कोणत्या बँकेत? ज्याचं सगळं सरळ आहे, त्याला हे सांगायला दोन मिनिटं लागतात.

परदेशात कामाला पाठवतो म्हणणाऱ्यांचा कायदा वेगळा. त्यासाठी १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी असलेला भरती एजंट लागतो. त्याचं नाव सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर सापडतं आणि त्याला सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. शंका असेल तर मुंबईत प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सचं कार्यालय आहे. आणि ऑनलाइन पैसे गेलेच, तर लाजून गप्प न बसता लगेच १९३० वर फोन करायचा. जितका उशीर, तितके पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळतात.

ऑफिस बंद होताना

एक गोष्ट मात्र अशा ऑफिसात काम केलेल्यांना किंवा त्याला जागा, गाडी, सामान पुरवलेल्यांना फारशी माहीत नसते. लायझन ऑफिस बंद करायचं, तर कंपनीला नुसतं कुलूप लावून जाता येत नाही. खात्यात उरलेले पैसे परदेशी न्यायचे असतील, तर बँकेकडे अर्ज करावा लागतो. त्यासोबत ऑडिटरचा दाखला लागतो, की भारतातली सगळी देणी, कर्मचाऱ्यांची ग्रॅच्युइटी आणि इतर लाभ धरून, भागवली आहेत किंवा त्यांची तरतूद केली आहे. भारतातल्या कोणत्याही कोर्टात खटला प्रलंबित नाही, हेही कंपनीला लिहून द्यावं लागतं.

म्हणजे थकलेला पगार, ग्रॅच्युइटी किंवा बिलाचे पैसे मागायची सगळ्यात योग्य वेळ ती, आवराआवर सुरू झाल्याची कुणकुण लागताच. त्यावेळी ऑफिसला पत्र द्यायचंच, पण त्याची प्रत ज्या बँकेत खातं आहे तिथेही पोच घेऊन द्यायची. पगार ज्या खात्यातून यायचा, ती बँक कोणती हे पासबुकात दिसतंच.